प्लेट्स आणि पाणी

"तू कशाला त्रास घेतलास गं? तुझ्याकडे प्लेट्स होत्या ना!" असं म्हणत वहिनींनी माझा पुरणपोळ्यांचा डबा ओट्याखालच्या कप्प्यात सारला. उघडलासुद्धा नाही.

जपानमधल्या इचिकावातलं त्यांचं घर. रविवारची दुपार. आमच्या मराठी वाचनमंडळाची बैठक; मंडळात सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. सगळे पुण्या-मुंबईचे, आयटीतले. चर्चेला कादंबरी होती, बंड करून उठलेल्या आफ्रिकी गुलामांची. वहिनींचे यजमान हळहळत होते, "माणसानं माणसाला असं वागवावं? आपल्याकडे निदान हे नव्हतं बाबा."

मी प्लेट्स मांडत होते.

मंडळाची यादी मीच करते. कोणी काय आणायचं, ते ई-मेलवर. तोयोसुच्या ऑफिसातही माझं काम प्रोग्रॅम तपासायचं. चूक नजरेतून सुटत नाही. पहिल्याच बैठकीत वहिनींनी विचारलं होतं, "अगं, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" मी म्हटलं, "आमच्याकडे नसतो." त्या म्हणाल्या, "अच्छा." पुढच्या खेपेपासून फोनवर सांगू लागल्या, "तुझ्याकडे प्लेट्स आणि पाणी." इतरांकडे मसालेभात, भाजी, शिरा. सात बैठका. माझ्या नावापुढे मीच ते टाइप केलं. कळत होतं. तरी केलं. लाज वाटते ती याची. जागोजागी बुद्धाची देवळं असलेल्या देशात मी बौद्ध आहे एवढं म्हणायला घाबरले.

या कादंबरीत एक स्वयंपाकीण आहे. बंडाच्या दिवशी ती चुलीवरचं तसंच टाकून चालू लागते. ते वाचलं आणि मी न सांगता पुरण शिजवायला घेतलं.

वहिनी म्हणाल्या, "मला ती स्वयंपाकीणच आवडली. काय तेज!"

"वहिनी, तिच्या हातचं मालक खात तरी होता."

वहिनी हसल्या. "म्हणजे?"

"म्हणजे मी बौद्ध. जयभीमवाली. गणपतीचं विचारलंत, तेव्हाच तुम्हाला कळलं."

"अगं, आम्ही असलं काही मानत नाही!"

"मग एक पोळी खा."

कोणी उठलं नाही. यजमान म्हणाले, "आपण पुस्तकावर बोलूया का?"

"पुस्तकावरच बोलतेय," मी म्हटलं.

मी चपला घातल्या आणि निघाले.

आता कोणी आडून विचारायच्या आत मी सरळ सांगते. पण त्या सात बैठकांची लाज गेलेली नाही, आणि मी ती जाऊही देणार नाही. ती गेली, तर मी पुन्हा गप्प बसेन.