मेलेल्या खेळाडूचं कार्ड

आमच्या टेबलावर जिंकल्याचे किस्से नाहीतच. भांडणांचे मात्र इतके साठलेत, की कुठून सुरुवात करू कळत नाही. राक्षसांची, मंत्रांची कार्डं जमवायची आणि एकमेकांना संपवायचं, असा आमचा खेळ. इथे परमुलखात, सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी चौघं जमायचो. एक जरी उठला तरी खेळ बंद, आणि खेळ बंद झाला तर आठवडाभर माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरत नाही. म्हणून मी सगळं सहन करायचे.

*

नियमांचं पुस्तक अख्खं वाचलं ते फक्त मी. घोडचूक. तेव्हापासून मी जज. नागपूरच्या केतकीनं एकदा मलाच संपवणारं कार्ड टाकलं आणि वर विचारलं, "हे चालतं का गं?"

चालत होतं. मीच निकाल दिला आणि हरले.

*

ही केतकी एक कार्ड टाकते आणि लगेच पुढचं. अडवायला वेळच देत नाही. निपाणीचे महांतेश अण्णा, आमच्यात वयानं मोठे, वैतागून म्हणाले, "कार्ड टाकलं की विचारायचं, सरी? सगळे सरी म्हणाले तरच ते लागू."

सरी म्हणजे कानडीत 'ठीक'. छान वाटलं. मग पुण्याचा आदित्य पहिल्याच कार्डाला म्हणाला, "विचार करतोय." चहा केला, प्यायला, कप विसळला, मग म्हणाला, "सरी." तोवर जेवायची वेळ झाली होती.

*

एका कार्डावर लिहिलेलं 'नेहमी', दुसऱ्यावर 'कधीच नाही'. दोन्ही एकदम टेबलावर. आमची जुंपलेली ऐकून केतकीची आई आतून आली. "दोन्ही उचला, मला ताटं मांडायचीत."

इतका स्वच्छ निकाल मला आजवर देता आलेला नाही.

*

आणि हा शेवटचा. आदित्यनं अण्णांना संपवणारं कार्ड टाकलं. ते लागू व्हायच्या आत अण्णांनी मध्येच दुसरं टाकून आदित्यलाच संपवलं. आता मेलेल्याचं कार्ड लागतं की नाही?

अण्णा म्हणाले, "माणूस गेला, कार्ड गेलं."

"टाकलं तेव्हा मी जिवंत होतो," आदित्य म्हणाला.

पुस्तकात नेमकं तेवढंच नव्हतं. दोघं उठले, ते परत आलेच नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तरी एकमेकांकडे बघत नाहीत. रविवार मला खायला उठतो. खरंच रडू येतं.

शेवटी खेळ बनवणाऱ्यांनाच लिहून विचारलं. कितीतरी महिने गेले. परवा उत्तर आलं: 'अशा वेळी खेळाडूंनी आपसांत समजुतीनं ठरवावं.'

मी ते जसंच्या तसं दोघांना पाठवलं. लगेच आदित्यचा मेसेज आला, "बघ, मी तेच म्हणत होतो."

पाठोपाठ अण्णांचा. "बघ की, मी तेच म्हणत होतो."