सुधीरचा वाकडा पाट

स्क्रीनवर नाव सुधीरचंच होतं, म्हणून वाडीतला पंप बंद करता करता मी म्हटलं, "बोल रे." बोलला भलताच कुणी. बोईसरच्या कारखान्यातला सहकारी माझ्या धाकट्या भावाच्याच फोनवरून सांगत होता, की सुधीर कामावर कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत... पुढचं मला ऐकू आलं नाही. ज्या फोनने त्याला कायम आमच्यातून उठवून नेलं, त्यानेच ही बातमीही द्यावी, याचा मला अजून राग येतो.

सुधीर देखभाल विभागात होता. यंत्र अडलं की याला फोन. मुलांना फिरवायची मात्र हौस दांडगी. महाबळेश्वर झालं, गोवा झालं. फोटो पाहावेत तर ओवी आणि सोहम घोड्यावर, त्याची बायको मनाली त्यांना सावरतेय, आणि कोपऱ्यात सुधीरची पाठ, हात कानाला. हार घालायला फोटो शोधताना मनालीच्या हाती सगळे असलेच लागले. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून आणला.

गेल्या मे महिन्यात लांब कुठे जाण्याइतकी रजा मिळेना, म्हणून सगळे माकुणसारला माझ्याकडेच आले. पडवीत मुलं घर-घर खेळत होती. ओवीने पानावर माती वाढून हाक मारली, "बाबा, जेवायला या." बाबा झालेल्या सोहमने झावळीचा तुकडा कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ करून तो अंगणात निघून गेला. "हां, बोला, बोला..." आम्ही खो खो हसलो. सुधीर हसला नाही. आई म्हणाली, "बघ, पोरगा तुझीच नक्कल करतोय. मना काय हसू येत नाय रे." तो उठला आणि फोन बंद करून तांदळाच्या डब्यात टाकून आला.

मग सुट्टीभर तो मुलांबरोबर पाण्यात. वाडीत एका वाफ्याचं पाणी तोडून दुसऱ्याला वळवायचं, एवढाच खेळ. ओवीसाठी त्याने जुन्या फावड्याचा दांडा कापून आखूड केला. मुलांनी चिकूखाली आंब्याची कोय पुरली होती, तिथवर तिघांनी वाकडातिकडा पाट खणला. उताराचा पत्ता नाही! वाडीत जन्मलेल्या माणसाने असा पाट खणावा? पाणी मध्येच तुंबायचं. मी ओरडलो, "अरे, पाणी फुकट जातंय!" तर म्हणाला, "जाऊ दे रे दादा. आज आमाला काय घाई नाय." फोन लागेना म्हणून कारखान्याची जीप दारात आली, तेव्हा गुडघाभर चिखलात उभं राहून त्याने सांगितलं, "सोमवारी येतो." त्या सोमवारपासून त्याच्या वाट्याला रात्रपाळ्याच आल्या. तक्रार केली नाही. मी त्याच्या जागी असतो तर तोंड उघडलं असतं.

तेराव्याला त्याचे साहेब आले. मुलांसमोरच म्हणाले, "छुट्टी में भी हमारा फोन उठाते थे. ऐसा आदमी नहीं मिलेगा." चार वर्षांच्या पोराने ज्याची नक्कल केली, तेच हा माणूस कौतुक म्हणून सांगत होता. ज्या सुट्टीत फोन उचलला नाही, ती त्यांनी बरोब्बर गाळली. आणि त्या सुट्टीचा एकही फोटो नाही, फोन तांदळात होता ना...

परवा मुलं आली होती. पुन्हा पडवीत घर-घर मांडलं. ओवीने जेवायला हाक मारली, आणि सोहमने पाठ फिरवून तळवा कानाला लावला. ती चिडली. आखूड दांड्याचं फावडं आणून त्याच्या हातात कोंबत म्हणाली, "असं नाही. बाबा आपल्याबरोबर पाणी वळवायचे."

सोहम त्या फावड्याकडे बघत राहिला. "कधी?" त्याने विचारलं.

मी उठलो, पंप सुरू केला आणि पाणी त्या वाकड्या पाटात सोडलं.