झालमुरीचा शोध आणि माझा उजवा गुडघा

झालमुरीचा, म्हणजे त्या तिखट बंगाली भेळेचा, शोध आमच्या बसवकल्याणात, आमच्याच घरात, माझ्या आजोबांनी लावला. असं मी एका रविवारी सकाळी पाच माणसांसमोर ठासून सांगितलं. त्यातली दोन माणसं खास कोलकात्याहून आमचं घर बघायला आली होती आणि माझ्या मुलीचं लग्न त्यांच्या होकारावर अडलं होतं.

मुलगी माझी दीपा. बीदरजवळ कोळारला औषधांच्या एका कारखान्यात तपासणीचं काम करते. तिथंच तिला शुभो दास भेटला. मुलगा गुणी आहे, मराठी शिकायलाही लागलाय. (शिकलेलं वापरावं म्हणून तो मला दिवसातून तीनदा फोन करून 'अप्पा, जेवलाव का?' असं विचारतो. मग मीही तीनदा जेवतो.) दोघांनी लग्न ठरवलं, त्याचे वडील तयार झाले, अडून बसली ती त्याची आई. इतक्या लांबची माणसं, कशी असतील कोण जाणे, हा तिचा घोर होता आणि तो मिटवायला ती स्वतःच येणार होती. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम दीपाचा नव्हताच, आमचा होता.

आदल्या दिवशी दीपानं मला समोर बसवलं.

"अप्पा, उद्या तुमी फकस्त हवापाण्याचं बोलायचं."

"आन् त्येनी दुसरं काई विचारलं तर?"

"मान हलवायची."

"व्हय म्हणून का न्हाई म्हणून?"

"आईकडं बघायचं. ती हलवील तशी."

माझ्या बोलण्याबद्दल घरात असं मत का आहे, हे मला कधीच कळलं नव्हतं. आता थोडं कळलंय.

पण त्याआधी बाटलीचं सांगायला हवं. त्या रविवारच्या तीन आठवडे आधी दीपा घाईघाईत एक मोठी बाटली ओट्यावर ठेवून गेली होती. "शुभोच्या घरून आलंय, लाकडी घाण्याचं हाय, जपून वापरा," एवढं बोलून ती बीदरच्या बसकडं पळाली. बाटलीवर चिठ्ठी नाही, काही नाही. मी झाकण उघडलं तर वास थेट टाळूला भिडला आणि डोळ्यांत पाणी आलं. आता आमच्या भागात खायचं तेल म्हणजे करडीचं. मोहरी आम्ही फोडणीत चिमूटभर टाकतो. तिचंही तेल काढून कुणी जेवणात घेत असेल हे माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यात आदल्याच आठवड्यात शुभोनं फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी केली होती. (तीस वर्षं चुरमुऱ्याच्या भट्टीपुढं उकिडवं बसल्यावर गुडघा आपलं ऐकत नाही.) मला सगळा उलगडा झाला. जावई असावा तर असा!

त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ उजव्या गुडघ्याला ते तेल चोळायला लागलो. बाटली न्हाणीघराच्या कोनाड्यात, राखुंडीच्या डबीशेजारी ठेवली. आणि खरं सांगतो, गुण आला. मी इतका खूश झालो की शेजारच्या बसप्पाच्या बैलाचा पाय मुरगळला तेव्हा वाटीभर त्यालाही देऊन टाकलं. ज्याचा त्याचा गुडघा, म्हणून बायकोनं त्यात लक्ष घातलं नाही.

तर रविवारी सकाळी दासबाबू, दासवहिनी आणि शुभो आले. (बोलणं सगळं हिंदीत झालं. त्यांची हिंदी कोलकात्याची, माझी दखनी, त्यामुळं हिंदी अशी कुणाचीच नव्हती. मी आपलं मराठीत सांगतो.) दासबाबू गोलमटोल आणि हसरे. दासवहिनी बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि घरातली एकेक वस्तू तपासून बघणारी नजर. मी हवेबद्दल बोललो. ऊन आहे म्हणालो. नंतर पाण्याबद्दल बोललो. बायकोनं सुसला आणला. भट्टीवरचे आमचेच चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीवर परतून, वरून डाळ्याचं पीठ भुरभुरलेला.

दासवहिनींनी घास घेतला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "चुरमुरे फार हलके आहेत. झालमुरी छान होईल यांची."

"अगदी कोलकात्याच्या तोडीची," दासबाबू म्हणाले.

"कोलकात्याचा काय संबंध? झालमुरी आमच्या पद्मेकाठची. माझे वडील तिकडून येताना घेऊन आले."

"तुझ्या वडिलांच्या आधी आमच्या गल्लीत विकायची!"

शुभोनं माझ्या कानात सांगितलं की हे भांडण त्याच्या जन्माआधीपासूनचं आहे. आईचं माहेर पद्मा नदीपलीकडचं, म्हणजे आताच्या बांगलादेशातलं, बाबा मूळचे कोलकात्याचे, आणि झालमुरी कुणाची हे अजून ठरायचंय. निकालासाठी त्यानं मोबाईल उघडला. मोबाईलनं बिहारचं नाव सांगितलं. दोघांनीही मोबाईल खिशात ठेवायला लावला.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी बायकोकडं बघितलंसुद्धा. ती मान जोरजोरात आडवी हलवत होती. पण मी चुरमुऱ्याच्या भट्टीवर जन्म काढलेला माणूस, माझ्यासमोर चुरमुऱ्यावर वाद चाललाय आणि मी उन्हाबद्दल बोलू?

"तुमचं दोघांचंही चुकतंय," मी म्हणालो. "झालमुरी या घरातली. आमचे आजोबा चुरमुऱ्याची पोती घेऊन कोलकात्याला गेले होते. त्यांनी शिकवली तिथल्या लोकांना."

दीपानं डोळे मिटून घेतले. दासवहिनींनी चष्मा वर सरकवला. "असं? पण झालमुरीचा जीव मोहरीच्या तेलात. ते इकडं कुठं असतं?"

आता माघार कसली घ्यायची? "अहो, या घरात तीन पिढ्या मोहरीचंच तेल खातात! रोज!"

दासबाबू इतके हरखले की उठून उभे राहिले. "मग आम्ही पाठवलेलं तेल तुम्हाला आवडलंच असेल!"

"कुठलं तेल?"

"शुभोनं दीपाच्या हाती दिलं होतं ते. लाकडी घाण्याचं. आणा, आणा, आजोबांच्या पद्धतीची झालमुरी होऊन जाऊ द्या."

माझ्या उजव्या गुडघ्यात कळ आली.

मी न्हाणीघरात गेलो. बाटलीत चार बोटं तेल उरलं होतं आणि तोंडाला एक केस चिकटला होता. तो पंच्यानं पुसत होतो तेवढ्यात बायको मागून आली.

"ते कामून घेऊन चाललाव?"

"हळू बोल. खायचं हाय ते."

तिनं बाटलीकडं बघितलं, मग माझ्या गुडघ्याकडं. "तीन आठवडे बोटं बुडवायलाव की त्यात!"

"ते ठावं हाय मला. पर आजोबा कोलकात्याला जाऊन बसलेत, त्येन्ला आता वापस कसं आणू?"

बाहेर आलो तर दीपा बाटलीकडं बघतच राहिली. "अप्पा, भरलेली बाटली व्हती. एवढं तेल गेलं कुठं?"

"खाल्लं," मी मुद्दाम हिंदीत म्हणालो.

दासबाबूंना गहिवरून आलं. मी डब्यात चुरमुरे घेतले, कांदा, मिरची, काकडी, शेंगदाणे घातले, डोळे मिटून वरून तेल सोडलं आणि सवयीनं जमिनीवर उकिडवा बसून डबा खडखड हलवायला लागलो.

"या वयात काय गुडघे आहेत तुमचे!" दासबाबू म्हणाले.

मी मान खाली घातली. कागदाच्या पुड्या भरल्या. पहिली दासवहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, खुशीत वास घेतला, चिमूट उचलली आणि नेमका तेव्हाच बसप्पा वाटी घेऊन दारात उभा राहिला.

"अण्णा, ते गुडघ्याचं तेल हाय का आजून? बैल लंगडायचा थांबलाय बगा."

मला हायसं वाटलं. पाहुण्यांना मराठी कुठं कळतंय? पण शुभोला कळत होतं. इतकं लांब वाक्य आपल्याला पहिल्यांदाच पुरतं समजलं या आनंदात त्यानं ते लगेच आईला बंगालीत सांगितलं. बैलासकट.

दासवहिनींची चिमूट हवेत थांबली. दासबाबूंच्या तोंडात तोवर दोन घास गेले होते. दीपा माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी सोसला असता, पण तो राग नव्हता, रडू होतं. मला खरंच भीती वाटली. आपल्या जिभेपायी पोरीचं लग्न जातंय, हे मला तिथं उकिडवं बसल्याबसल्या दिसलं.

मग मी सगळं सांगून टाकलं. तेल औषध समजून गुडघ्याला लावलं. बैलालाही दिलं. मोहरीचं तेल आम्ही जन्मात खाल्लं नाही. आणि आजोबा कधी कोलकात्याला गेले नव्हते. ते एकदाच सोलापूरपर्यंत गेले होते आणि गाडी लागली म्हणून उमरग्यातून परत आले होते.

"म्हंजे सोलापूरला बी न्हाई गेले," बायकोनं दुरुस्ती केली.

दासवहिनींनी पुडी खाली ठेवली. "तेल अंगाला लावलंत त्यात काही बिघडलं नाही. आंघोळीआधी आम्हीही लावतो." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "फक्त आमच्याकडं खायची बाटली वेगळी असते."

आणि त्या हसल्या. हसता हसता खुर्चीवरून घसरायच्या बेतात आल्या. दासबाबू हातातल्या पुडीकडं बघत हसू की थुंकू अशा पेचात पडले आणि शेवटी त्यांनी गिळून हसायचं ठरवलं.

"मला एकच काळजी होती," डोळे पुसत दासवहिनी म्हणाल्या, "माणसं कशी असतील. या घरात तर थाप तासभरही टिकत नाही. बायको टिकू देत नाही, शेजारी टिकू देत नाही. मुलगी अशा घरातली असेल तर माझा होकार आहे."

दीपा आधी त्यांच्या आणि मग, थोडा विचार करून, माझ्या गळ्यात पडली.

लग्न झालं. लग्नात झालमुरी होती. दासबाबूंनी तेलाचे दोन डबे पाठवले होते, एकावर खुद्द शुभोनं मराठीत 'पोटाचं' लिहिलं होतं आणि दुसऱ्यावर 'गुडघ्याचं'. झालमुरी कुणाची, हे भांडण आमच्या विहीणबाई आणि व्याह्यांमध्ये अजून चालू आहे आणि मी त्यात पडत नाही. पण ती खायच्या आधी तिचं तेल गुडघ्याला लावून बघणारा जगातला पहिला माणूस कोण, यावर मात्र कोलकाता, पद्माकाठ आणि बसवकल्याण या तिन्ही ठिकाणी पूर्ण एकमत आहे.