टरबूज वाटणारं कासव

"कासव मागं थांबतंय. कासवाला लई धीर असतोय," बाई म्हणायच्या आणि पट्टीच्या टोकानं मला भिंतीकडं सरकवायच्या. हात लावायच्या नाहीत.

जळकोटकडचं आमचं गाव. मी तिसरीत. दर शनिवारी बाई प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक वाचायच्या आणि पोरांकडून त्या गोष्टीचं नाटक करून घ्यायच्या. ससा, हत्ती, माकड, कासव आणि एक टरबूज. सगळ्यांनी वाटून खायचं, अशी गोष्ट. ससा म्हणजे सरपंचाची पोरगी. फोडी तीच वाटायची. सगळ्यांचं झालं की उरलेली फोड माझ्यापुढं फरशीवर ठेवायची.

मला वाटायचं, मी कासव झकास करते. घरी जाऊन आईला चालून दाखवायची. आई हसायची नाही. आम्ही मातंग. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण सशा-हत्तीच्या गोष्टीतही जात शिरते, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

पुस्तक सगळ्यांच्या हातात फिरायचं. माझ्यापर्यंत येईतो तास संपायचा.

गॅदरिंगला हेच नाटक करायचं ठरलं. आदल्या दिवशी पडद्यावर चित्रं काढायची म्हणून पुस्तक टेबलावर उघडंच राहिलं होतं. वर्गात कुणी नव्हतं. मी पानं उलटली. चित्रात कासव वेलाच्या आळ्याला पाणी घालत होतं. उन्हात वेल राखत बसलं होतं. शेवटच्या पानावर टरबूज कापून तेच सगळ्यांना वाटत होतं. ससा हात पुढं करून उभा होता. कासवाचा धीर होता तो पीक येईपर्यंतचा. सगळ्यांनी खाऊन उरलेलं मिळेपर्यंतचा नव्हता. बाईंनी माझ्यासाठी गोष्टच बदलली होती. माझ्या अंगाची आग झाली.

रात्री आईला सांगितलं. तिनं पाठीवर बांधायचं बारदानाचं कवच शिवत शिवत एवढंच म्हटलं, "पुस्तकात जसं हाय, तसंच कर."

दुसऱ्या दिवशी सगळा गाव पुढं बसला होता. मी भिंतीपाशी गेले नाही. सरळ टरबुजाच्या ताटाशी गेले, एक फोड उचलली आणि सशापुढं धरली.

"घे. मी पिकवलंय."

सरपंचाच्या पोरीनं हात पुढं केलाही होता. तेवढ्यात खालून तिची आई म्हणाली, "घेऊ नगंस. खाली ये."

ती उतरून गेली. मग हत्ती गेला, माकड गेलं. मी एकटीच राहिले. तीच फोड मी तिथं उभ्यानं खाल्ली, सगळ्यांकडं बघत. रस कोपरापर्यंत आला. पुसला नाही.

सोमवारी बाई म्हणाल्या, "समद्यांपुढं माफी माग."

"न्हाई मागणार."

परत कुठल्या नाटकात मला घेतलं नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू. पण माफी मागितली नाही.

आज मी देगलूरजवळच्या एका शाळेत शिकवते. चित्रांचं पुस्तक आलं की आधी मागच्या पोरांच्या हातात देते. मागच्या महिन्यात एक पालक वर्गात आले. "मॅडम, आमच्या पोराला त्यांच्याशेजारी बसवू नका. जरा दमानं घ्या, गावाला येळ लागतोय."

मी म्हटलं, "पोरगं तिथंच बसंल."

ते वर तक्रार करणार आहेत. करू देत. बदली झाली तर जिथं जाईन तिथल्या वर्गातही हेच करीन.