निरंक

सरकारी तक्त्यात लिहिण्यासारखं काही नसलं, तरी रकाना रिकामा सोडत नाहीत. तिथे ‘निरंक’ लिहितात. धुळ्यात बातमीदारी करताना हा शब्द मी इतक्यांदा वाचला होता, की तो दिसेनासा झाला होता.

साथीच्या आजारांची माहिती मोबाइलवरून रोजच्या रोज गोळा करायला सुरुवात झाली, तेव्हा उद्घाटनाची बातमी मीच लिहिली. गावातली आशा कार्यकर्ती तापाचे, जुलाबाचे रुग्ण ॲपमध्ये भरणार. आकडा त्याच क्षणी धुळ्यातल्या एका कार्यालयाच्या पडद्यावर उमटणार. रुग्ण वाढले की गाव लाल होणार आणि पथक निघणार. ‘साथ पसरण्याआधीच कळणार’ हा मथळाही माझाच. सोबतचा फोटो शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरच्या आशाताईचा होता. पाड्यावर रेंज नाही, माहिती पाठवायला टेकडी चढावी लागते, असं तिने तेव्हाच सांगितलं होतं. जागेअभावी ते वाक्य मी काढलं.

पावसाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. ती टेकडीवरून बोलत होती. धाप लागलेली.

“भाऊ, बठ्ठा पाडा आजारी शे. हगवण, उलट्या. मनी सासू उठी नही ऱ्हायनी.”

“ॲपमध्ये भरलं का?”

“भरी ऱ्हायनू, पन ते घेत नही. आजना अहवाल आधीच भरेल शे म्हनस.”

“कोणी भरला?”

“माले काय माहीत? मी ते आत्ते टेकडीवर उनू. तुम्ही साहेबले सांगा ना भाऊ. आजच गाडी धाडा.”

मी कार्यालयात गेलो. पडद्यावर पाडा हिरवा होता. तिथल्या अधिकाऱ्याने माझ्यासमोर आरोग्य केंद्राला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. पलीकडून उत्तर आलं, “निरंक, सर.” बातमीला दोन ठिकाणांहून दुजोरा हवा, हे मी नव्या बातमीदारांना शिकवत असे. इथे दोन्ही ठिकाणांहून नकार मिळाला होता. परत फोन लावला, तर ती रेंजबाहेर होती. टेकडी उतरली असणार. त्या दिवशी मी कांद्याच्या भावाची बातमी दिली.

तिसऱ्या दिवशी तिची सासू शिरपूरला नेताना जीपमध्येच गेली. त्यानंतर पथक निघालं. पाड्याच्या एकुलत्या विहिरीत पावसाबरोबर उकिरड्याचं पाणी उतरलं होतं.

आरोग्य केंद्रात माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्याला मी गाठलं. त्याने काही लपवलं नाही. दुपारी बाराच्या आत ज्या गावाचा अहवाल येत नाही, ते पडद्यावर पिवळं दिसतं. म्हणून रेंज नसलेल्या सगळ्या गावांपुढे तो रोज सकाळीच ‘निरंक’ टाकत असे. एकदा भरलेला दिवस ॲप पुन्हा उघडत नाही.

“पिवळं दिसलं की वरून फोन येतो, साहेब,” तो म्हणाला. “हिरवं दिसलं की कोणी विचारत नाही. तुमच्याच पेपरात आलं होतं ना, आमचं केंद्र अहवालात पहिलं?”

आलं होतं. तेही मीच लिहिलं होतं. पडद्यावरचा हिरवा रंग आणि फोनवरचं उत्तर, माझे दोन्ही दुजोरे याच माणसाच्या एका बोटाचे होते.

मी पाड्यावर गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून वही भरत होती. साध्या एकरेघी वहीत तिने आजाऱ्यांची नावं लिहिली होती, पहिल्या दिवसापासून, घरांच्या क्रमाने. सासूचं नाव तिसरं होतं. पुढे वय, उलट्या कधी सुरू झाल्या ती वेळ, किती वेळा मीठ-साखरेचं पाणी पाजलं त्याच्या रेघा. रेघा दोन ओळींवर गेल्या होत्या.

मी वहीचा फोटो काढू लागलो. तिने वही मिटली.

“भाऊ, मी फोन कया त्या रोज तुम्ही पेपरमा काय लिखं?”

“या पाड्याबद्दल काहीच नाही,” मी म्हणालो.

“म्हंजे निरंक,” ती म्हणाली, आणि वही घेऊन आत गेली.