मेलेल्या ओळींचा बांध

१९९९ साली देवानंद म्हस्के माझ्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. मूळचा वाटूरचा, शेतकऱ्याचा मुलगा, फार भिडस्त. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत तो कॉम्प्युटरवर काम करी, पण नोकरी तात्पुरती. शेठनी सांगितले होते, "हंगामाआधी प्रोग्राम साफ झाला तर कायम, नाहीतर वाटूर."

साफ म्हणजे काय, हे त्याने मला समजावले. प्रोग्राममधली एखादी ओळ नकोशी झाली, की तिच्यापुढे एक चांदणी टाकायची. कॉम्प्युटर ती ओळ वगळतो. ओळ पुसत मात्र कोणीच नाही. निम्म्याहून अधिक प्रोग्राम असा मेलेला पडून होता.

प्रोग्राम ऑफिसातल्या तिघांनी वाटून लिहिलेला. देवानंदने त्यातल्या रामकिसनची पहिलीच ओळ पुसली आणि ऑफिसात कल्ला झाला. रामकिसन वयाने मोठा, घरची शेती जांब समर्थला.

"बांध कोरतो का रे माझा?"

"भाऊ, ती ओळ चालत न्हाई."

"पडीक असलं म्हणून काय झालं? रान माझंच हाये ना?"

शेवटी गावच्या रीतीने ठरले: तिघांनीही आपापल्या सारख्याच ओळी सोडायच्या. रामकिसनच्या मेलेल्या ओळी ढीगभर, तिसरा सोबती संपत याच्या थोड्या. म्हणून संपत नव्या ओळी लिहायला बसला आणि लिहिली की तिच्यापुढे चांदणी टाकू लागला. प्रोग्राम आणखी लांबला.

"हे काय करून राह्यला, संपत?" देवानंदने विचारले.

"सोडायला काही पाह्यजे का न्हाई? अन् तू काय सोडतो? तुझी एक ओळ मेलेली न्हाई. फुकटचा पंच!"

त्या संध्याकाळी देवानंदला जेवण गेले नाही.

"मावशी, माझं म्हणून एकच काम हाये त्यात. पावत्या छापायचं. चांगलं चालू हाये."

"मग?"

"तेच मारतो."

मारले, पुसूनच टाकले. मग एकेकाने आपापले पुसले, चहा झाला, रामकिसनने त्याला मिठी मारली. शेठना त्यातले काही कळत नव्हते, पण प्रोग्राम चालवला की आता लवकर संपतो एवढे पटले. देवानंद कायम झाला.

दुसऱ्या दिवशी बियाणे न्यायला आलेल्या दुकानदारांची ही रांग, आणि पावती काही निघेना.

"चालू काम कोणी पुसतं का?" रामकिसन म्हणाला. "बाजूला तरी ठेवायचं. टायमाला कामी येतं."

"भाऊ," देवानंद खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "मी नवं लिहितो. तवर तुम्ही दोघं हातानं पावत्या फाडा. जल्दी."

दोघे मुकाट्याने फाडत बसले.