ताकातल्या मिरच्यांचे मीठ

देवनहळ्ळीच्या जमिनीत मी मिरच्यांना ओढ्याचे घाण पाणी घातले, ही गोष्ट आता इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितली आहे की ती खोटी आहे असे म्हणणारा मी एकटाच उरलो आहे. अडचण एवढीच, की ती सर्वांसमोर कबूल केली तीही मीच.

माझा मुलगा दुसरेच सांगतो. त्याच्या मते अप्पांचे वय झाले, काय घातले आणि काय नाही हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. तेही खोटे. माझ्या ध्यानात सारे आहे, अगदी त्या दिवशी हातात किती मीठ होते तेसुद्धा.

देवनहळ्ळीजवळ एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीच्या पट्ट्या पाडून त्या शहरातल्या लोकांना भाजीपाल्यासाठी दिल्या आहेत. त्यांतली कुंपणालगतची पट्टी सात वर्षे माझ्याकडे होती. बनशंकरीहून बस बदलत मी आठवड्यातून तीनदा तिथे जात असे. बाकीचे रविवारी गाडीतून येत, टोप्या घालत, वांग्याबरोबर फोटो काढत. कुंपणापलीकडे ओढा होता आणि त्यात वरच्या वस्तीचे सांडपाणी येई. त्यात मी माझे खोरे धुवायला बुचकळीत असे, हे खरे. एका गृहस्थाने ते पाहिले, हेही खरे. पण माझ्या रोपांनी टाकीतल्या बोअरवेलच्या पाण्याखेरीज थेंब चाखलेला नाही.

आमच्या घरी त्या मिरच्या ताकात मुरवून वाळवतात. जाड मिरचीला उभी चीर द्यायची, ती खारट ताकात दोन-तीन दिवस बुडवायची, मग दिवसा गच्चीवर ऊन आणि संध्याकाळी पुन्हा तेच ताक, ते सारे आटेपर्यंत. बंगळूरच्या ढगाळ हवेत उन्हाचा भरवसा नाही. मिरची टिकते ती मिठावर. आणि मीठ ठरते जिभेवर. मी निपाणीकडचा, आमच्याकडे मापाने घालतात. बायकोचे माहेर पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातले. तिथली रीत अशी, की घरातल्या थोरल्या बाईने ताकात बोट बुडवून चाखायचे आणि ‘सरी’, म्हणजे कन्नडात ‘बरोबर’, म्हणायचे. त्यानंतर कोणी चिमूटभर जरी मीठ घातले, तरी त्या बाईला चुलीपुढून उठवल्यासारखे होते. चाळीस वर्षांत माझी तशी छाती झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला. तो उतरल्यानंतर एका सकाळी मी कॉफी केली आणि साखर घालायला विसरलो.

“आज फारच गोड केलीत हो,” ती म्हणाली.

मी माझा पेला तोंडाला लावला आणि सारे समजलो. तिची चव गेली होती, आणि ती ते लपवीत होती. मी विचारले नाही. जी बाई शेजारणींच्या सांबारात काय कमी आहे ते वासावरून सांगे, तिला हे कोणत्या शब्दांत विचारायचे?

पुढे मिरच्यांचा मोसम आला. तिने ताकात बोट बुडवले, जिभेला लावले, क्षणभर डोळे मिटले. “सरी. एवढं पुरे.” ती कपडे वाळत घालायला गेल्यावर मी चाखले. ताक जवळजवळ अळणी होते. मी बरणीतून मूठभर मीठ घेतले. हात पातेल्यावर धरला. आणि मग ते सारे मीठ परत बरणीत टाकले. माझ्यावर आरोप ठेवायचाच असेल तर हा ठेवा. हा कोणी ठेवत नाही.

पट्टीवाल्यांच्या आमच्या गटात वर्षातून एकदा प्रत्येकाने टिकाऊ केलेले जिन्नस एका टेबलावर मांडून वाटून घेण्याची पद्धत होती. माझ्या मिरच्या सर्वांत आधी संपत. त्या वर्षीही संपल्या. आठवड्याभरात घरोघरी तळायला काढल्या, तेव्हा आतून काळ्या बुरशीने भरलेल्या निघाल्या. एका घरातल्या लेकराला उलट्या झाल्या.

पुढच्या रविवारी आंब्याखाली बैठक बसली. गटाची प्रमुख एक निवृत्त प्राध्यापिका. बाई सरळ होती.

“अंकल, मीठ कमी पडलं असेल तर तसं सांगा. होतं असं कधीतरी. विषय संपला. पण पाणी ओढ्याचं असेल, तर पट्टी सोडावी लागेल.”

“खोऱ्याला अंघोळ घालताना मी पाहिलंय,” तो गृहस्थ म्हणाला. “मिरच्यांनाही घातली असेल!”

लोक हसले. माझ्या शेजारी बसलेली बायको ताडकन उठली.

“मिठाचं नाव काढू नका. मीठ मी चाखलंय. चाळीस वर्षं चाखतेय. एकदा तरी चुकलंय का, विचारा ह्यांना!”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. तिनेही पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत जे होते त्याला मी भीती म्हणेन. इतरांना तो राग वाटला असेल.

“मीठ बरोबर होतं,” मी म्हणालो. “पाणी ओढ्याचं होतं.”

परतीची बस हेब्बाळला पोचली. ती खिडकीकडे पाहत म्हणाली, “लोकांच्या लेकरांना घाण खायला घातलीत. मला तरी सांगायचं होतं.” तिने माझे खोटे खरे मानले होते. हे मी हिशेबात धरले नव्हते.

पट्टी गेली. हे मी देवनागरीत लिहितो आहे, कारण बायको कन्नड शाळेत शिकली आणि मुलगा इंग्रजीत; घरात मराठी सारे बोलतात, वाचतो मी एकटा. त्यामुळे माझी बाजू ज्यांना कळायला हवी, त्यांच्यापर्यंत ती जाणार नाही. आणि जाऊही नये.

यंदा गॅलरीतल्या कुंड्यांत ओंजळभर मिरच्या आल्या. तिने बोट बुडवले, “सरी” म्हणाली आणि दारावर आलेल्या फुलवालीकडे गेली. मी मुठीतले मीठ त्यात सोडले आणि ताक ढवळले.

काल तिने त्या तळल्या. एक मोडून आत निरखून पाहिले आणि पानात माझ्यापुढे ठेवली.

“बघितलंत? पाणी स्वच्छ असलं की कशी टिकते. हात तोच, मीठ तेच.”

मी खाल्ली.

“बरोबर आहे ना मीठ?” तिने विचारले. माझ्या तोंडाकडे ती जरा जास्तच वेळ पाहत होती.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.